चौथी पुडी

आमची धाकटी मंगल वैशाखात उजवली, ते साल दोन हजार सहा. मांडव दारातच घातला होता. कन्यादानाला मंगलचे वडील आणि मी शेजारी शेजारी पाटावर बसलो. विधी लांबला. ब्राह्मणानं उठा म्हटल्यावर मी आधी उठले, आणि हे उठताना यांचं धोतर मला मागून दिसलं. नव्या पांढऱ्या धोतरावर बसायच्या जागी तळहाताएवढा लाल डाग होता, आणि तो ओला होता.

माझ्या हातात कुंकवाचं ताट होतं. ते मी वाकडं केलं. धोतरावर, पाटावर, जमिनीवर, सगळीकडं कुंकू झालं.

"लेक अजून मांडवात हाय, आन विहीणबाईंचा हात आत्ताच कापाय लागला," नवऱ्या मुलाची आई म्हणाली. बायका हसल्या. मीही हसले.

धोतर बदलायला हे आतल्या खोलीत गेले. मी मागोमाग गेले आणि दार लोटून घेतलं. मुद्दाम सांडलंस का, असं यांनी विचारलं. मी हो म्हटलं. कधीपासून आहे, असं मी विचारलं, तर म्हणाले, शिमग्यापासून. म्हणजे दोन महिने माणूस रक्त अंगावर काढत होता आणि एका घरात राहून मला पत्ता नव्हता. आपली आतली धोतरं ते स्वतः विहिरीवर धुऊन आणत होते.

"कोंब आलाय, दुसरं काय," हे म्हणाले. "साऱ्या तालुक्याची मूळव्याध आपल्या अंगणात बरी हुती, आन आपल्याच बुडाला आग. लोकांस्नी कळलं तर हसून मरतील."

यांचं नाव हिंदुराव, माझं आनसा. आमच्या घरात मूळव्याधीचं औषध चार पिढ्यांचं. डोंगरात एक मुळी मिळते. ती पौषात खणून आणायची, सावलीत वाळवायची, कुटून तिची पूड करायची आणि पळसाच्या पानात पुड्या बांधून ठेवायच्या. रविवारी सकाळी लोक अंगणात येऊन बसत, कधी वीस, कधी पन्नास. प्रत्येकाला एक पुडी. घरी जाऊन उपाशीपोटी ताकातून घ्यायची. औषधाला गुण होता. सायकलीवर वाकडे बसून आलेले लोक महिन्यानं सरळ बसून गेलेले मी माझ्या डोळ्यांनी पाहिलेत.

पण त्या गुणाला नियम होते, आणि ते माझ्या सासूनं, आत्याबाईंनी, यांच्याकडून देवापुढं म्हणून घेतले होते. पैसा घ्यायचा नाही. नाव विचारायचं नाही. जागा बघायची नाही. स्वतःचं औषध स्वतःच्या हातानं घ्यायचं नाही. आणि एका माणसाला तीनच पुड्या, तीन रविवारी. तिसऱ्या पुडीनं उतार पडला नाही तर तो आजार आपल्या औषधाचा नव्हे. त्याला हात जोडून सांगायचं, बाबा, मोठ्या दवाखान्यात जा. चौथी पुडी दिली तर आपण त्या माणसाला दारात अडवून ठेवला असं होतं, असं आत्याबाई म्हणत.

मंगल सासरी गेली त्या पुढच्या रविवारी, सगळे लोक गेल्यावर, यांनी माझ्यापुढं हात पसरला.

"दे. तुझ्या हातानं घेतलेलं चालतंय."

मी पुडी दिली. ताकही मीच घुसळून दिलं.

दुसऱ्या पुडीनंतर चार दिवस रक्त थांबलं. हे इतके खूश झाले की बाजारातून माझ्यासाठी हिरव्या बांगड्या भरायला कासारीण घेऊन आले. मी पण मनाला सांगितलं, मूळव्याधच आहे. तिसऱ्या पुडीनंतर रक्त पुन्हा सुरू झालं आणि बसताना कळ यायला लागली. चौथ्या रविवारी यांनी परत हात पसरला.

मी म्हटलं, "तीन झाल्या."

"म्या मोजल्या न्हाईत."

"म्या मोजल्यात."

"मग इसर. आई काय वरनं बघाय येतीया?"

हे हसत होते. पण हात मागे घेत नव्हते आणि माझ्या तोंडाकडं बघत नव्हते. मी तो हात पुष्कळ वेळ बघितला. मग पुडी ठेवली त्यावर.

त्यानंतर मोजायचं काही राहिलं नाही. ज्येष्ठ गेला, आषाढ गेला. दर रविवारी लोकांच्या पुड्या वाटून झाल्या की एक पुडी माझ्या हातून यांच्या हातात. मी कधी विचारलं नाही, किती जातं, गाठ लागते का, दाखवा बघू. विचारायचं नाही, बघायचं नाही, हा नियमच होता. मला तो नियम फार सोयीचा पडला, ते का, हे पुढं येईल. श्रावणात यांचा सदरा खांद्यावर लोंबायला लागला. जेवायला उकिडवे बसत. आमचा थोरला विलास टेम्पो चालवायचा, महिन्यातनं दहा दिवस घरी असायचा. तो एकदा म्हणाला, आबा वाळलं की गं. मी म्हटलं, लेकीच्या लग्नाचा शीण आहे.

भादव्यातला एक रविवार. अंगण रिकामं झालं होतं. एक बाई तेवढी बसून होती, पन्नाशीची, लांबून चालत आलेली. तिच्या तीन पुड्या मागच्या महिन्यात संपल्या होत्या. हे पुड्यांची टोपली आत न्यायला उठले तशी तिनं पाय धरले. म्हणाली, दादा, अजून एक द्या, तुमच्या हाताला गुण आहे, दवाखान्यात गेले तर मला नागवी करून बघतील.

"बाय, माझं औषध तुला लागू न्हाई," हे म्हणाले. "लाज धरू नगं. सांगलीला जा, डॉक्टर बघंल. उद्याच जा. पोराला घिऊन जा, न्हाईतर भावाला. हितं बसून जीव घालवू नगं."

"एक पुडी, दादा."

"न्हाई म्हंजी न्हाई. तुला चौथी पुडी देणारा माणूस तुझा वैरी."

यांचा आवाज चढला होता. बाई डोळे पुसत गेली. मी उंबऱ्यात उभी होते. ताकाचं भांडं माझ्या हातात होतं, यांच्यासाठी आणलेलं. यांनी वळून माझ्याकडं बघितलं आणि मान खाली घातली.

मी ताक अंगणात ओतलं.

"चला," मी म्हटलं. "तुमी पण चला सांगलीला."

हे चिडले. औषध देणाऱ्यालाच तो रोग, हे गावाला कळलं तर पुढच्या रविवारी कुत्रं येणार नाही, असं म्हणाले. चार पिढ्यांचं नाव आहे, आपल्याबरोबर मातीत घालायचं नाही, असंही म्हणाले. मी ऐकून घेतलं. मग म्हटलं, ठीक आहे, येत्या रविवारी अंगण भरलं की मी उंबऱ्यावर उभी राहून सांगते, यांनी सोळा पुड्या खाल्ल्या.

"सांगशील?"

"सांगीन."

एकतीस वर्षांच्या संसारात मी यांना कधी धमकी दिली नव्हती. हे माझ्याकडं नवख्या माणसाकडं बघावं तसं बघत राहिले. मंगळवारी विलासनं टेम्पोत गादी टाकली आणि आम्ही निघालो.

दवाखाना मोठा होता. त्याची पायरी मला ओळखीची होती. सहा वर्षांमागं, दोन हजार साली, माझ्या गर्भपिशवीच्या तोंडाला कॅन्सर निघाला होता. तिथंच मला मशीनखाली किरणांचा शेक दिला होता, पंचवीस दिवस, आणि मी बरी झाले होते. ते पंचवीस दिवस हे बाहेर लिंबाखाली डबा घेऊन बसलेले असत.

तपासायला डॉक्टरीणबाई होत्या, तरुण, चष्म्याच्या. त्यांनी यांना पडद्याआड नेलं. आतून यांचा एकदाच आवाज आला, कण्हल्यासारखा. बाहेर आल्यावर बाईंनी हात धुतले आणि आम्हा दोघांना समोर बसवलं. म्हणजे मला बसवलं, हे उभेच राहिले. मूळव्याध नाही, असं त्या म्हणाल्या. गाठ आहे, जांघेतही गाठी लागतात. तुकडा काढून तपासायचा, पोटाचा फोटो काढायचा. मग कागद पुढं ओढून विचारायला लागल्या. तंबाखू? विडी? आणि घरात कुणाला कॅन्सर झाला होता का?

"हिला," हे म्हणाले. "पिशवीचा. हितंच बरी झाली."

बाईंचा पेन थांबला. त्यांनी माझ्याकडं बघितलं.

"मावशी, त्या वेळी तुम्हाला कुणी काही सांगितलं नव्हतं? यांना तपासायला आणा म्हणून?"

हे पण माझ्याकडं बघत होते.

मी म्हटलं, "न्हाई."

आता ते सांगते. सहा वर्षांमागं माझा शेवटचा शेक झाला त्या दिवशी, त्याच दवाखान्यात, एका दुसऱ्या डॉक्टरीणबाईंनी मला एकटीला खोलीत घेतलं होतं. त्यांच्या डोक्याचे केस पांढरे होते. त्या माझ्याशी हळू आणि नीट बोलल्या. म्हणाल्या, हा आजार एका विषाणूमुळं होतो. तो नवरा-बायकोत एकमेकांना लागतो. कुणाकडून कुणाला आला ते सांगता येत नाही, कारण तो वीस-वीस वर्षं अंगात गप्प बसून असतो. बहुतेकांना त्याचं काहीच होत नाही. पण तुम्हाला झालंय, म्हणून तुम्ही दरवर्षी यायचं. आणि तुम्हाला काय किंवा यजमानांना काय, शौचाच्या जागी रक्त आलं, गाठ आली, तर मूळव्याध म्हणून घरी बसायचं नाही. पुढच्या वेळी त्यांना आत घेऊन या, मी त्यांनाही समजावून सांगते.

मी बाहेर आले. हे लिंबाखालून उठले आणि विचारलं, काय म्हणाली? मी म्हटलं, सगळं बरं आहे म्हणाली.

मी पाटाची बायको. माझं पहिलं लग्न सोळाव्या वर्षी झालं होतं. तो नवरा ट्रकवर होता. चार वर्षांत तापानं गेला. मग हिंदुरावांनी मला पाट लावून आणलं, आईच्या मनाविरुद्ध. आत्याबाई मला पंचवीस वर्षं दुसऱ्याचं उष्टं ताट म्हणत होत्या, पोरांच्या देखत म्हणत होत्या. दोन हजार साली त्या जिवंत होत्या. नवरा-बायकोत लागणारा रोग मी घरी नेला असता तर तो कुठून आला हे त्या घरात कुणी डॉक्टरला विचारायला गेलं नसतं. म्हणून मी गप्प राहिले. तीन वर्षांनी आत्याबाई गेल्या. त्यानंतर मला भ्यायला कुणी उरलं नव्हतं, तरी मी गप्पच राहिले. वर्षाच्या तपासणीलाही दोनदा गेले आणि मग सोडून दिलं. एकदा गप्प बसलं की पुढं बोलायला रोज नवं कारण लागतं, आणि ते सापडत नाही.

कुंकवाचं ताट वाकडं केलं, तेव्हा मला त्या पांढऱ्या केसांच्या बाई आठवल्या होत्या. पहिली पुडी दिली, तेव्हा आठवल्या होत्या. चौथीलाही.

तुकड्याचा रिपोर्ट आला तो कॅन्सरचा. पोटाच्या फोटोत काळजावर, म्हणजे लिव्हरवरही डाग दिसले. मी डॉक्टरीणबाईंना गाठून विचारलं, चार महिन्यांमागं आणलं असतं तर? त्या म्हणाल्या, नक्की सांगता येत नाही, मावशी, पण हा आजार लवकर सापडला तर शेक आणि औषधावर बरा होणारा आहे, चाकूही लागत नाही कित्येकांना. आणि त्यांनी माझा हात धरून मलाच आत नेलं. तुमची तपासणी राहिली आहे, म्हणाल्या. माझ्याही त्याच जागी बारीक बदल निघाला, कॅन्सर होण्याच्या आधीचा. तो त्यांनी त्याच महिन्यात जाळून टाकला. मला दोन दिवस दुखलं, तेवढंच.

यांची शौचाची वाट पोटावर काढली आणि पिशवी लावली. शेक दिला, सलाईनमधून औषधं दिली. कार्तिकात डॉक्टर म्हणाले, आता घरी घेऊन जा.

ती पिशवी मी बदलायची. सुरुवातीला हे तोंड भिंतीकडं करत. मग सवय झाली. एका सकाळी मी पिशवी धुऊन आणली, कोमट पाण्यानं कातडी पुसत होते. ऊन खाटेवर आलं होतं, विलासची बायको परसात भांडी घासत होती. हे सहज म्हणाले, "त्या डॉक्टरनीला तू न्हाई म्हणालीस, तवा तुझा आवाज कसा झालता गं?"

मी हात थांबवला नाही. पुसत पुसतच सगळं सांगितलं. पांढऱ्या केसांच्या बाई काय म्हणाल्या, मी लिंबाखाली येऊन काय म्हणाले, आत्याबाईंचं भय, सगळं. मला वाटत होतं हे विचारतील, मग तो रोग कुणाचा? त्या ट्रकवाल्याचा का? त्याचं उत्तर मी सहा वर्षं मनात घोकून ठेवलं होतं.

हे म्हणाले, "हळदीच्या पेठेत हमालीला हुतो, तुला आणायच्या आधी. चार वर्सं. तवा म्या काय देव न्हवतो, आनसा. माझंच असंल."

मी रडायला लागले.

"त्याचं काय न्हाई," हे म्हणाले. "पर पयल्या पुडीला का न्हाई बोललीस? म्या हात पसरला आन तू दिलीस. ठावं असून दिलीस."

घोकून ठेवलेलं सगळं दुसऱ्याच प्रश्नाचं होतं.

त्या दिवसापासून हे माझ्याशी कामापुरतं बोलत. पाणी दे. कूस बदल. राग केला नाही, शिवी दिली नाही. पिशवीला मात्र सुनेला हाक मारायला लागले. सून बिचारी लाजायची, पण करायची.

रविवारी लोक येतच होते. विलास त्यांना सांगायचा, आबांना बरं नाही, पुढच्या रविवारी या. पुष्कळ लोक तरी बसून राहत. माघ लागला. एका रविवारी सकाळी यांनी मला जवळ बोलावलं. आवाज अगदी बारीक झाला होता.

"अंगणात किती हैत?"

"असतील तीस."

"तू म्हणाली हुतीस न्हवं, उंबऱ्यावर उभी ऱ्हाऊन सांगते म्हणून? मग जा. सांग आता. समदं सांग."

मी म्हटलं, नाव जाईल घराचं.

"जाऊ दे. पुड्या चुलीत घाल. पर सांग."

मी पदर डोक्यावर घेतला आणि उंबऱ्यावर उभी राहिले. खिडकी उघडी होती, आतून यांना सगळं ऐकू जात होतं. मी सांगितलं, मालकांना कॅन्सर आहे, आणि तो कुठं आहे तेही सांगितलं, त्या जागेचं नाव घेऊन. खाली माना घातल्या गेल्या. सांगितलं, यांनी मूळव्याध समजून सोळा पुड्या खाल्ल्या. तुमच्यापैकी कुणाला मूळव्याध आहे आणि कुणाला हे आहे, आम्हाला ठाऊक नाही, आम्ही कधी बघितलं नाही. आधी डॉक्टरला दाखवा. ज्या बाईला पिशवीचा आजार झाला असेल तिनं स्वतःला दाखवावं आणि नवऱ्यालाही घेऊन जावं, कारण हा रोग दोघांत फिरतो. ह्या घरातनं आता औषध मिळणार नाही.

एक म्हातारा उठला आणि टोपी घालून निघाला. मागून बाकीचे गेले. दोन बाया मात्र थांबल्या, दवाखान्याचा पत्ता विचारायला. तो मी त्यांना तोंडी सांगितला, लिहून द्यायला तेव्हा मला अक्षर येत नव्हतं.

आत आले. यांचे डोळे मिटलेले होते. मला वाटलं झोप लागली.

"निम्मंच सांगितलंस," हे म्हणाले.

मी खाटेच्या कडेला बसले. बाकीचं पुढच्या रविवारी सांगते, असं मी म्हटलं. यांनी मान हलवली, ती हो म्हणून की नाही म्हणून, मला कळलं नाही. तो पुढचा रविवार मंगलच्या आणि पाहुण्यांच्या येण्याजाण्यात गेला, आणि त्यानंतर अंगणात कुणी आलं नाही. विलासला, मंगलला, कुणालाच मी ते निम्मं सांगितलं नव्हतं. ते इथं लिहिलं.

माझे मालक, हिंदुराव, दोन हजार सात साली माघ महिन्यात गेले. गुरुवार होता, सकाळचे दहा वाजले होते. वय एकसष्ट.